मामींच्या वाटचं

मिस्त्रींचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. शहरभरच्या इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनखोल्या आणि तळाचे खड्डे यांच्यात त्यांची तीस वर्षं गेली. माणूस कामाला चोख, पण बोलायला महाकंजूष. लिफ्ट चालू झाली की व्यवस्थापकाला "झालं" एवढंच सांगायचे आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालू पडायचे.

जेवणाचंही तसंच. खाली मान घालून बसायचे आणि ताट स्वच्छ करून उठायचे. बायकोने "कसं झालंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "चांगलंय." लग्नाच्या पहिल्या वर्षी ती विचारायची, दुसऱ्या वर्षी कधीमधी विचारायची, पुढे तिने नाद सोडला.

आणि बायको साधीसुधी रांधणारी नव्हती. बिस्किटांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण होती. तीनशे माणसांचं दोन वेळचं जेवण तिच्या नजरेखाली व्हायचं. पॅकिंगच्या पोरींपासून साहेबापर्यंत सगळे तिला मामी म्हणत, आणि जेवण आवडलं की कामगार डबा वाजवून दाद देत. पहाटे मिस्त्रींचं झाकून ठेवून ती कामावर जायची. संध्याकाळी त्यांना वाढून पुन्हा ओट्याशी वळायची. तीनशे माणसांची दाद मिळवून घरी आलेल्या बाईला घरात मात्र "चांगलंय" यापलीकडे काही मिळालं नाही. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. कारखान्यातल्या बायकांना एवढंच सांगायची, "आमच्याकडे जेवण म्हणजे पेट्रोल. टाकी भरली की गाडी निघाली."

मग मामींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, त्यानंतर महिना-दीड महिना रोजची किरणं. गाठ गेली, जीव वाचला. आवाज परत आला तो घोगरा, पण आला. गिळणं मात्र गेलं. घास किंवा घोटभर पाणीसुद्धा पोटाकडे न जाता फुफ्फुसाकडे वळायचं, आणि डॉक्टरांनी तोंडावाटे काहीही घ्यायला सक्त मनाई केली. पोटाला एक नळी बसवली. दिवसातून पाच वेळा त्या नळीतून पातळ, फिकट रंगाचं अन्न आत सोडायचं. मामी ते आतल्या खोलीत, दार लावून घ्यायच्या. मिस्त्रींनाही आत येऊ द्यायच्या नाहीत.

जिभेची चवही किरणांनी जाळून टाकली होती. काही टोकाला लावून पाहिलं तरी ओला पुठ्ठा चाटल्यासारखं वाटायचं. वास तेवढा यायचा, अगदी पहिल्यासारखा. शेजारी कुणी कांदा परतला की मामी उठून खिडकी लावून घ्यायच्या.

मिस्त्रींना हे दिसत होतं. म्हणून त्यांनी घरात जेवणंच बंद केलं. कामावर असताना कुठल्यातरी गाडीवर काहीतरी पोटात ढकलायचे, तोंड धुवायचे आणि मग घरी यायचे. आपण फार शहाणपणाने वागतोय असं त्यांना वाटत होतं.

एका संध्याकाळी ते बूट काढायला वाकले तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अंडं. आणि जळका कांदा. कुठे खाल्लंत?"

मिस्त्रींचे कान लाल झाले. "बस डेपोपाशी एक बाई उभी असते. गाडीवर."

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

मामींनी कपाळाला हात लावला. मग त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "हे बघा. मला जेवता येत नाही आणि तुम्हाला बोलता येत नाही. दोघांत मिळून एक धड माणूस तरी होऊ द्या."

"म्हणजे काय करू?"

"तुम्ही खा आणि मला सांगा. कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या आहेत, ट्रक आहेत. बावीस वर्षं मी एका मुदपाकखान्यात घालवली, बाहेरचं काही खाल्लं नाही. निवृत्त झाल्यावर बघू म्हणत राहिले. आता तुम्ही जा. माझ्या वाटचं खाऊन या."

मिस्त्रींना घाम फुटला. बाराव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या छतावर चढायला सांगितलं असतं तर ते हसत चढले असते.

पहिला आठवडा वाईट गेला. "मऊ होतं." "गरम होतं." "जरा तिखट होतं." मामी ऐकून घ्यायच्या आणि भिंतीकडे बघत राहायच्या. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "लिफ्ट बिघडली की तुम्ही आधी काय करता?"

"आत उभा राहून एक फेरी मारतो. आवाज ऐकतो. कुठे झटका बसतो, कुठे घासतं, ते बघतो."

"मग घासाचीही फेरी मारा. तोंडात ठेवल्यापासून पोटात जाईपर्यंत. कुठे झटका बसला, कुठे घासलं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कोर्टाच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक म्हातारा लोखंडी पत्र्यावर बटाट्याच्या चकत्या खरपूस करून कागदाच्या पुडीत घालून देत होता. मिस्त्रींनी वकिलांच्या गर्दीत उभं राहून डोळे मिटले. संध्याकाळी त्यांनी घरी येऊन, हात मांडीवर ठेवून, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं, "सुरू होताना झटका. मिरीचा. मग दोन मजले एकदम गुळगुळीत, आतला बटाटा लोण्यासारखा. शेवटच्या मजल्यावर मात्र घासलं. घशाशी."

मामी हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हसता हसता ठसका लागला, मिस्त्री घाबरून उठले, पण त्यांनी हातानेच बसा म्हणून खूण केली. "तेल जुनं," त्या श्वास सावरत म्हणाल्या. "कालचं तेल गाळून वापरतोय तुमचा म्हातारा. घासतं ते तेच. आता चकतीची कड सांगा. कड कशी होती?"

"कड?"

"कुरकुरीत की चिवट?"

मिस्त्रींना आठवेना. दुसऱ्या दिवशी ते फक्त कडेसाठी पुन्हा कोर्टामागे गेले.

असं सुरू झालं ते सुरूच राहिलं. कामाची यादी घेताना मिस्त्री आता पत्त्यासोबत आसपास कुठली गाडी उभी असते तेही विचारू लागले. नवीन लागलेले मेकॅनिक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. म्हातारपणी मिस्त्रींच्या जिभेला पालवी फुटली म्हणायचे. गोदीच्या फाटकाशी एक बाई मोठ्या पातेल्यातून माशाचं सूप द्यायची. त्यात ओठ चिकटतील एवढा दाटपणा होता, आणि मामींनी तो माशाच्या डोक्यांचा आहे हे बसल्या जागी ओळखलं. सिनेमागृहाबाहेरच्या गाडीवर मक्याची कणसं मिळायची. त्यांचे दाणे फुटताना होणारा आवाज मामींनी मिस्त्रींना तीन वेळा तोंडाने काढून दाखवायला लावला. नदीवरच्या पुलाखाली एक निळा ट्रक पिठाच्या पातळ धिरड्यात मध घालून द्यायचा. "मध आधी लागतो की नंतर?" "आधी वास. मग काहीच नाही. गिळल्यावर लागतो." "गिळल्यावर," मामी नुसत्याच म्हणाल्या.

मिस्त्रींना शब्द सापडत होते, पण खाणं अवघड व्हायला लागलं होतं. जे जे चांगलं लागेल ते ते त्यांना जड जायचं. वाईट खाणं एक वेळ सहज उतरायचं.

एकदा मामींचे रिपोर्ट आणायला ते हॉस्पिटलात गेले. फाटकाबाहेरच एक जण तव्यावर मासे तळत होता. छान खमंग वास सुटला होता. मिस्त्री रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर आला, आणि ते तसेच बाजूला होऊन बसस्टॉपवर जाऊन बसले.

घरी आल्यावर त्यांनी तळलेल्या माशाचं वर्णन केलं. बाहेरून कुरकुरीत, आतून पांढरे पदर, वर लिंबू. सरावामुळे वर्णन झकास जमलं.

"लिंबू कुणी पिळलं?" मामींनी विचारलं.

"मीच."

मामींनी त्यांचा उजवा हात उचलला, नाकाजवळ नेला आणि हलकेच परत मांडीवर ठेवला. "ग्रीस," त्या म्हणाल्या. "ग्रीस आणि बसची तिकिटं. माझ्या ताटात आज तुम्ही हवा वाढलीत."

मिस्त्रींची मान खाली गेली. ते म्हणाले, "मला खाताच आलं नाही गं. ऑपरेशनला तू त्या फाटकातून आत गेलीस, त्याआधी शेवटचा चहा तिथेच घेतला होतास. दर घासाला तू आठवतेस. मला नाही जमत आता."

"मग आठवत आठवत खा," मामी म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण ठाम होता. "पण खा. खोटं नका सांगू. तुम्ही दार उघडता तेवढीच माझी जेवणाची वेळ आहे. नळीचं ते जेवण नाही. ते पेट्रोल."

त्यानंतर मिस्त्रींनी कधी खोटं सांगितलं नाही.

मोठ्या कंपन्यांचे उंच मनोरे असलेल्या भागात एक हिरवा ट्रक उभा राहायचा. डोक्यावर कायम लाल टोपी घालणारा एक तरुण त्यात नूडल्स परतायचा. दुपारी टाय लावलेल्या पोरांची ही रांग. मिस्त्रींनी खाल्लं आणि घरी हिशेब दिला, "सगळं सुरळीत, पण उतरताना मागच्या बाजूला कडू. गंजल्यासारखं."

"लसूण," मामी म्हणाल्या. "धूर निघालेल्या तेलात टाकतोय. घाईत आहे बिचारा. त्याला सांगा, आधी भाज्या घाल, तेल जरा निवू दे, मग लसूण."

"मी सांगू?"

"मग काय, मी नळी घेऊन येऊ?"

दुसऱ्या दिवशी रांग संपेपर्यंत मिस्त्री एका खांबाआड उभे राहिले आणि मग पुढे जाऊन एका दमात म्हणाले, "बायको म्हणते, लसूण नंतर टाका."

टोपीवाल्याने त्यांच्या पिशवीतले पाने बघितले. "काका, तुम्ही लिफ्टवाले ना? मी कधी तुमच्या लिफ्टच्या वायरींना हात लावला का?"

मिस्त्री कानकोंडे होऊन निघून आले. चार दिवसांनी समोरच्याच मनोऱ्यात काम निघालं. ते रस्ता ओलांडतायत तोच ट्रकमधून शिट्टी आली. "ओ काका! इकडे या. लसूण नंतर टाकलाय. खाऊन सांगा." मिस्त्रींनी खाल्लं. कडूपणा गेला होता. टोपीवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. "काकूंना विचारा ना, गर्दीच्या वेळी नूडल्स एकमेकांना चिकटतात. काय करू?"

मग मिस्त्री निरोप्याच झाले. मामींनी सांगायचं, त्यांनी पोचवायचं. उकळून थंड पाण्यातून काढ, मग तेलाचा हात लाव. कोबी उभा चीर, आडवा नको. मामी रात्रीपासून उत्तरं तयार ठेवायच्या, आणि मिस्त्री आल्याबरोबर विचारायच्या, "काय म्हणाला?" टोपीवाला रोज म्हणायचा, "काकूंना एकदा घेऊन या ना." मिस्त्री "बघू" म्हणून वेळ मारून न्यायचे. मामींना काय झालंय हे त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. सगळ्या शहरात ती एकच जागा होती जिथे त्यांची बायको आजारी नव्हती. तिथे ती एक खट, सुगरण बाई होती, जिला नवऱ्याच्या तोंडून लसूण ओळखता यायचा.

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात गिळण्याची तपासणी झाली. एक्स-रेच्या यंत्रासमोर मामींना खुर्चीवर बसवलं आणि चमचाभर पांढरं, दाट औषध तोंडात दिलं. मिस्त्री काचेपलीकडून पडदा बघत होते. पांढरी रेघ जिभेवरून मागे सरकली, क्षणभर थांबली आणि चुकीच्या वाटेने खाली गेली. मामी खोकायला लागल्या. मिस्त्रींना डॉक्टरांनी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. चुकीच्या मजल्यावर दार उघडलेलं त्यांना लांबून कळायचं.

गिळण्याचे व्यायाम शिकवणारी डॉक्टर तरुण होती आणि प्रामाणिक होती. "मामी, व्यायाम चालू ठेवा," ती म्हणाली, "पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. नळी राहील असं धरूनच चाला."

बाहेर आल्यावर मिस्त्री रिक्षा शोधू लागले. मामींनी त्यांची बाही धरली. "घरी नको. मला त्या हिरव्या ट्रकवर न्या."

"आज?"

"आजच."

दुपारची गर्दी ओसरली होती. टोपीवाल्याने मिस्त्रींना पाहिलं, शेजारी गळ्याला रुमाल गुंडाळलेली बाई पाहिली, आणि ट्रकचं मागचं दार उघडून खाली उडीच मारली. "काकू ना? काकूच! बसा, बसा." त्याने आतलं स्टूल काढून फूटपाथवर ठेवलं, फडक्याने पुसलं आणि आत धावला. मिस्त्री "अरे, ऐक" म्हणेपर्यंत कढईखालचा जाळ मोठा झाला होता. दोन मिनिटांत त्याने वाफाळती प्लेट आणून दोन्ही हातांनी मामींच्या हातात दिली. "पहिला घास तुमचा. एवढे दिवस वाट बघतोय."

मामींनी प्लेट घेतली. त्यांनी ती चेहऱ्याजवळ नेली आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. मिस्त्री जमिनीकडे बघत होते, आणि टोपीवाल्याला काहीच माहीत नाही हे मामींच्या लक्षात आलं. का माहीत नाही, तेही आलं असावं.

"आलं किसून घातलंस," त्या टोपीवाल्याला म्हणाल्या. "हे मी नव्हतं सांगितलं."

"आवडलं?"

"वासच सांगतोय. पण माझं आत्ताच झालंय रे बाळा. हे यांना दे. मला यांना जेवताना बघायचंय."

टोपीवाल्याला काय समजलं कोण जाणे. त्याची नजर मामींच्या गळ्याच्या रुमालावर एकदा गेली. मग त्याने मुकाट्याने दुसरं स्टूल आणलं.

मिस्त्री जेवायला बसले. मामी समोर बसून बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला जेवताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या नेहमी ओट्याकडे तोंड करून किंवा कारखान्यात. पहिल्या घासाआधी हे क्षणभर थांबतात, चावताना यांची डावी भुवई हलते, आवडीचं काही दाताखाली आलं की चावणं हळू होतं, हे सगळं त्यांना आज दिसत होतं. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तसेच खात राहिले.

"हं, सांगा," मामी म्हणाल्या.

"आलं," मिस्त्री म्हणाले. "मग आलंच. मग..." त्यांना पुढे बोलवेना.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "दिसलं मला."

परत जाताना बसला वेळ होता. दोघं स्टॉपच्या बाकावर बसली. समोरून एक माणूस लांब पाव काखेत धरून चालला होता. मामी त्याच्याकडे तो वळेपर्यंत बघत होत्या. "चवीचं एवढं नाही हो," त्या म्हणाल्या. "चावायची आठवण येते. काहीतरी दातांनी तोडायची."

मिस्त्री पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. ते म्हणाले, "डाळीत तू लसूण दोनदा घालायचीस. एकदा शिजताना, एकदा वरून. खालचा विरघळून जायचा. वरचा दाताखाली यायचा, चौथ्या-पाचव्या घासाला. मी त्याची वाट बघायचो."

मामींनी मान वळवली.

"आणि तुझा भात. शीत न् शीत सुटं, पण कोरडं नाही. रविवारच्या रश्श्याला आदल्या दिवशीचा भाजलेला कांदा असायचा. ताजा भाजलास तर एवढा गोड नाही व्हायचा. आणि तू रागात असलीस की भाजी बारीक चिरायचीस. ती मला जास्त आवडायची." ते थांबले. "एवढ्या गाड्यांवर खाल्लं. तुझ्यासारखं एकदाही नाही लागलं. ते तुला कसं सांगणार? म्हणून नाही सांगितलं."

बस आली. थांबली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. बस निघून गेली.

"एवढं सगळं कळत होतं?" मामींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला वाटायचं, तुम्हाला कळतच नाही."

"कळत होतं."

"मग एकदा तरी बोलायचंत हो. एकदा तरी."

मिस्त्रींनी बायकोचा हात हातात घेतला. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, आयुष्यात पहिल्यांदा. मामींनी तो सोडवून घेतला नाही. पण त्या रडल्या, बऱ्याच रडल्या, आणि त्यात राग होता, हे मिस्त्रींना कळलं. तो त्यांनी तसाच घेतला.

रविवारी सकाळी मामी ओट्याशी उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. डाळ शिजवली, भात लावला. चाखता येत नव्हतं, तेव्हा अंदाजाने मीठ घातलं आणि चमचाभर डाळ मिस्त्रींपुढे धरली.

"मीठ कमी आहे," मिस्त्री म्हणाले.

मामींनी चिमूटभर घातलं. "आता?"

"आता... अजून एक कणभर. हं. आणि डाळ थोडी घट्ट झालीय."

हे ऐकून कुठल्याही सुगरणीचं तोंड उतरलं असतं. मामींनी "घट्ट झालीय काय!" म्हणत पाणी वाढवलं, आणि पाठमोऱ्या असूनही त्या हसतायत हे त्यांच्या खांद्यांवरून समजत होतं.

मिस्त्रींनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. मामी आतल्या खोलीत गेल्या. दार लागल्याचा आवाज येईल म्हणून मिस्त्री थांबले, पण तो आला नाही. मामी नळीचं सामान घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर टेबलाशी बसल्या. पदराआडून नळी काढली, तिला मोठी सिरिंज जोडली, फिकट अन्न तिच्यात ओतलं आणि सिरिंज वर धरली. पातळी इतकी सावकाश उतरत होती की उतरतेय हे कळतच नव्हतं.

मिस्त्रींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. चौथ्याला वरचा लसूण दाताखाली आला. त्यांचं चावणं हळू झालं.

"लागला?" मामींनी विचारलं.

"लागला."

"मला वास येतोय फक्त." त्या थोडा वेळ वाफेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, सावकाश जेवा. माझं व्हायला वेळ लागतो."

मिस्त्रींनी चमचा ताटात ठेवला आणि सिरिंज धरायला हात पुढे केला.